नाटकांतला राजा व बखरींतला राग

आमच्या चौकावरून जुन्या पुणें रस्त्यानें खोपोलीस यावें आणि तेथें पालीची वाट धरावी, म्हणजे सुधागडच्या मुलुखांत परळी नांवाचें गांव लागतें. बल्लाळेश्वराच्या दर्शनास निघालेली मंडळी तें मागें टाकून पुढें जातात. तेथें थांबण्याजोगें कांहीं आहे असें कोणास वाटत नाहीं. (साताऱ्याजवळची परळी, म्हणजे सज्जनगड, ती निराळी, दोहोंची गल्लत होऊं नये.) परंतु मराठी रंगभूमीवर जो एक राजा पिढ्यानुपिढ्या मद्यपी, विषयासक्त व क्रूर म्हणून वावरला, त्याच्या दुष्कीर्तीचा माग काढूं गेल्यास तो याच परिसरांत येऊन थांबतो. शके १६०३, म्हणजे इ. स. १६८१ च्या पावसाळ्याअखेर छत्रपति संभाजी महाराजांनीं आपल्या पित्याचे जुने कारभारी अण्णाजी दत्तो, त्यांचे बंधु सोमाजी दत्तो, हिरोजी फर्जंद व चिटणीस बाळाजी आवजी यांना देहान्त शासन केलें, तें जेधे शकावलीच्या नोंदीप्रमाणें परळीखालीं. हत्तीच्या पायीं दिलें असें म्हणतात. त्या शिक्षेचा राग एका घराण्यानें जपला, एका बखरींत तो उतरला, आणि बखरींतून नाटकांत गेला. या महिन्यांत वाचकांपुढें आम्ही हीच हकीकत मांडणार आहों.

इंग्रजी वाङ्मयाशीं परिचय असलेल्या वाचकांना येथें तिसऱ्या रिचर्डची आठवण होईल. हा राजा इंग्लंडच्या गादीवर उणींपुरीं दोनच वर्षें होता. १४८३ सालीं भावाच्या मृत्यूनंतर त्यानें आपल्या अल्पवयी पुतण्यांना बाजूस सारून राज्य घेतलें. ते दोघे मुलगे लंडनच्या टॉवरमध्यें गेले, ते पुन्हां कोणाच्या दृष्टीस पडले नाहींत. १४८५ च्या ऑगस्ट महिन्यांत बॉसवर्थच्या रणांगणावर रिचर्ड लढतां लढतां पडला आणि ट्यूडर घराण्याचा सातवा हेन्री राजा झाला. या हेन्रीचा गादीवरील हक्क फार दुबळा होता. अशा वेळीं नव्या राजाला सर्वांत बळकट आधार कोणता? गेलेला राजा माणूस नसून राक्षस होता, हा!

मग राक्षस घडविण्याचें काम सुरू झालें. जॉन राउस नांवाच्या गृहस्थानें रिचर्ड हयात असतां त्याची स्तुति लिहिली होती. तेच राउस महाशय ट्यूडरांच्या अमदानींत लिहूं लागले कीं, हें मूल दोन वर्षें आईच्या उदरांत राहून, तोंडांत दांत व खांद्यापर्यंत रुळणारे केस घेऊन जन्मास आलें! रिचर्डचा हक्क मान्य करणारा पार्लमेंटचा कायदा हेन्रीनें रद्द करविला आणि त्याच्या प्रती नाहींशा करण्याचा हुकूम काढला. टॉमस मोर यानें लिहिलेलें रिचर्डचें चरित्र नामांकित आहे. पण मोर हा लहानपणीं जॉन मॉर्टन या धर्माधिकाऱ्याच्या घरीं सेवेस होता, आणि मॉर्टन हा रिचर्डचा हाडवैरी. मोरचा मजकूर हॉलनें घेतला, हॉलचा हॉलिनशेडनें, आणि हॉलिनशेडची बखर (आपल्या भाषेंत तिला दुसरें काय म्हणावें?) पुढ्यांत ठेवून शेक्सपिअरनें १५९२-९३ च्या सुमारास आपलें नाटक लिहिलें. त्या वेळीं गादीवर असलेली एलिझाबेथ राणी ही सातव्या हेन्रीची नात होती.

नाटक इतकें जबरदस्त उतरलें कीं, त्यापुढें इतिहास थिटा पडला. शेक्सपिअरचा रिचर्ड कुबडा आहे, लुळ्या हाताचा आहे, आणि पहिल्याच प्रवेशांत तो प्रेक्षकांस आपले बेत सांगून त्यांना कटांत ओढून घेतो. १७६८ सालीं होरेस वॉल्पोल यानें या साऱ्या कथेवर शंका घेणारें पुस्तक लिहिलें. १९२४ सालीं रिचर्डची बाजू मांडण्यासाठीं इंग्लंडांत एक मंडळ निघालें. परंतु नाटकगृहांत कुबडाच राजा टाळ्या घेत राहिला. पुढें २०१२ सालीं लेस्टर शहरांतील एका मोटारतळाखालीं उत्खनन करतांना त्याचा सांगाडाच सांपडला. बहिणीच्या वंशजांशीं रक्ताचा मेळ घालून तो रिचर्डचाच असें ठरलें. पाठीचा कणा एका बाजूस वांकलेला होता. त्यामुळें एक खांदा वर दिसत असेल. कुबड नव्हतें, हातही लुळा नव्हता. म्हणजे नाटककारानें सगळेंच पदरचें घातलें असेंही नव्हे. एका खऱ्या व्यंगाला त्यानें इतकें फुगविलें कीं, तेंच माणसाचें अंतःकरण होऊन बसलें. २०१५ च्या मार्चमध्यें लेस्टरच्या मुख्य देवळांत त्या अस्थि राजाच्या इतमामानें पुरण्यांत आल्या. पुतण्यांच्या बाबतींत मात्र रिचर्डची सुटका झालेली नाहीं, आणि ती हाडांवरून होण्यासारखीही नाहीं.

आतां आपल्या मुलुखाकडे येऊं.

३ एप्रिल १६८० रोजीं शिवाजी महाराज रायगडावर कैलासवासी झाले, तेव्हां संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. थोरल्या पुत्रास डावलून सोयराबाईंचे दहा वर्षांचे राजाराम यांना मंचकावर बसवावें आणि संभाजीराजांस पन्हाळ्यावरच अटकेंत ठेवावें, असा बेत अण्णाजी दत्तो प्रभृतींनीं केला. तो हाणून पाडला सेनापति हंबीरराव मोहित्यांनीं. आणि हंबीरराव हे खुद्द सोयराबाईंचे बंधु! राज्य हातीं आल्यावर संभाजी महाराजांनीं कैदेंतल्या कारभाऱ्यांना सोडून पुन्हां पदें दिलीं, ही गोष्ट नाटकांतून सहसा दिसत नाहीं. क्रूर राजा क्षमा करतांना दाखविला तर प्रवेशाची घडी बिघडते. १६ जानेवारी १६८१ रोजीं राज्याभिषेक झाला, आणि त्याच वर्षीं दुसरा कट उघडकीस आला. मुंबईच्या इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांत याची खबर आहे: राजाच्या भोजनांत मासळीच्या पदार्थांतून विष घालावयाचें होतें, आणि एका पोरानें तें सांगितल्यामुळें राजा वांचला. याच सुमारास औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर आश्रयासाठीं कोंकणांत उतरला होता. त्याचा मुक्काम सुधागडाच्या पायथ्याशीं धोंडसें गांवाजवळ असे, व नोव्हेंबरांत तेथेंच त्याची व महाराजांची भेट झाली. पातशहापूर हें त्या वेळचें नांव पाच्छापूर या रूपानें अद्याप टिकून आहे. कटवाल्यांनीं या अकबरालाही पत्र लिहून राज्याचें आमिष दाखविलें. अकबरानें तें पत्र संभाजी महाराजांकडे धाडलें, आणि मग परळीखालचा तो प्रकार घडला.

बाळाजी आवजींचा अपराध कितपत होता? चिटणीस घराण्याची परंपरा सांगते कीं, ते निर्दोष होते, दडपणाखालीं पत्र लिहिण्यास त्यांच्या घरच्या हाताचा उपयोग केला गेला, आणि मागाहून महाराजांस पश्चात्ताप झाला. आमच्या मतें ही परंपरा अगदींच टाकून देण्यासारखी नाहीं. कारण बाळाजींचे पुत्र खंडो बल्लाळ पुढें याच राजाच्या सेवेंत राहिले. गोव्याच्या स्वारींत भरतीच्या पाण्यांत महाराजांचा घोडा वाहूं लागला असतां त्यांनीं धन्यास वांचविलें अशी आख्यायिका आहे. आणि महाराजांच्या पश्चात् राजारामांच्या जिंजीच्या बिकट दिवसांतही त्यांनीं राज्याची निष्ठेनें चाकरी केली. ज्याचा बाप हत्तीच्या पायीं गेला त्या मुलानें राग गिळला. तो राग वर आला चार-पांच पिढ्यांनंतर.

मल्हार रामराव चिटणीस हे याच वंशांतले, साताऱ्याच्या छत्रपतींच्या पदरीं असलेले विद्वान् गृहस्थ. १८११ च्या सुमारास त्यांनीं जी बखर रचली, तींत संभाजी महाराजांचें चित्र आलें तें असें: बापाच्या धाकांत न राहणारा पोर, परस्त्रियांवर नजर ठेवणारा, दारूंत बुडालेला, कनोजी कवीच्या मंत्रतंत्राच्या आहारीं गेलेला. घटना व लेखन यांमध्यें १३० वर्षांचें अंतर आहे. रिचर्ड व शेक्सपिअर यांमधील अंतर शंभरावर कांहीं वर्षांचें. मॉर्टनच्या घरच्या भोजनाच्या टेबलाशीं जें मोरनें ऐकलें असेल, तसेंच कांहीं चिटणिसांच्या घरीं श्राद्धपक्षाच्या निमित्तानें पिढ्यान् पिढ्या बोललें गेलें असेल. याबद्दल आम्ही मल्हाररावांस दोष देत नाहीं. घरच्या माणसाच्या मरणाची हकीकत कोण तटस्थपणें सांगेल? दोष असेल तर तो पुढच्यांचा, कीं ज्यांनीं ही घरगुती फिर्याद आहे हें न ओळखतां ती न्यायाधीशाचा निकाल म्हणून वाचली. १८२६ सालीं ग्रँट डफचा इतिहास निघाला, त्यांतही बखरींतला संभाजीच उतरला. आणि इंग्रजी शाळेंत शिकलेल्या आमच्या पणजोबांनीं तो तेथून पाठ केला.

बखरींत एक हळदीकुंकवाची गोष्ट आहे. वाड्यांत हळदीकुंकवास आलेल्या सुवासिनींपैकीं एका रूपवतीवर राजपुत्रानें बलात्कार केला, अशी ती गोष्ट. वाचकभगिनींनीं लक्षांत घ्यावें कीं, बखरींत त्या स्त्रीला नांव नाहीं. नांवें पुढें मिळालीं. कोणी तिला गोदावरी केलें. दुसरीकडे पन्हाळ्याच्या थोरातांची कमळा उभी राहिली, आणि १९४१ सालीं भालजी पेंढारकरांच्या चित्रपटानें ती घरोघर पोंचविली. गडकऱ्यांच्या नाटकांत तुळशी आली. नांव मिळालें कीं चेहरा मिळतो, चेहरा मिळाला कीं प्रेक्षक रडतो, आणि ज्याच्यासाठीं आपण रडलों ती बाई नव्हतीच असें कोणी म्हटलें तर तें आपणांस पटत नाहीं, उलट त्याचाच राग येतो.

राम गणेश गडकऱ्यांचें 'राजसंन्यास' हें या सर्वांत मोठें. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं सावनेर येथें अवघ्या ३३ व्या वर्षीं वारले. नाटक अपुरें राहिलें, आणि तशा अपुऱ्या स्थितींतच तें त्यांच्या पश्चात् प्रसिद्ध झालें. राज्य हें राजाच्या उपभोगासाठीं नसतें, राजानें सिंहासनावर बसूनही संन्यासीच असावें, ही त्यामागची कल्पना. आणि ती कळण्यास संभाजीला सर्वस्व गमवावें लागतें. म्हणजे गडकऱ्यांचा संभाजी हा शेक्सपिअरच्या रिचर्डसारखा खलपुरुष नाहीं. तो चुकलेला, मोहांत सांपडलेला, शेवटीं पस्तावणारा सिंह आहे. विष्णु हरि औंधकरांनीं पुढें 'बेबंदशाही' लिहिलें. त्याच्या नुसत्या नांवावरून त्या काळीं हा राज्यकाल कसा समजला जात होता तें कळतें. रियासतकार सरदेसायांसारख्या थोर इतिहासकारानेंही या राजावरील आपल्या ग्रंथाच्या नांवांत त्याला 'उग्रप्रकृति' म्हटलें आहे. नाटककारांनीं इतिहासाशीं बेइमानी केली असें म्हणणें सोपें आहे, पण तें खरें नव्हे. त्यांच्या पुढ्यांत जो इतिहास होता त्याशीं ते इमानदारच होते.

मात्र एका ठिकाणीं नाटककारांनीं स्वतःची भर घातली, आणि तिचा विचार कोणी फारसा केलेला नाहीं. रिचर्डचें मरण ही त्याच्या पापाची शिक्षा म्हणून दाखवितां आली. संभाजी महाराजांच्या मरणाचें काय करावें? १ फेब्रुवारी १६८९ रोजीं ते संगमेश्वरास पकडले गेले, आणि ११ मार्चला भीमेच्या कांठीं त्यांचा वध झाला. मधल्या चाळीस दिवसांत जो छळ झाला व त्यांनीं जो सोसला, त्यापुढें शत्रूचीही मान खालीं जावी. एवढें भव्य मरण ज्याच्या कथेच्या शेवटीं आहे त्याला खलपुरुष करणें अशक्य. मग नाटककारांनीं दुसरी युक्ति केली: मरण उजळ दिसावें म्हणून जगणें काळें रंगविलें. पहिल्या तीन अंकांत प्याला, चौथ्यांत पश्चात्ताप, पांचव्यांत बलिदान. या मांडणींत नऊ वर्षांचें राज्य कोठें बसावयाचें? औरंगजेब आपली सारी सेना व खजिना घेऊन दक्षिणेंत उतरला असतां, सिद्दी व पोर्तुगीज दोन बाजूंनीं उभे असतां, नऊ वर्षें ज्यानें राज्य टिकविलें, तो दिवसाढवळ्या शुद्धीवर नसे असें मानावयाचें. कारण तसें न मानल्यास चौथ्या अंकांत पश्चात्ताप कशाचा करावयाचा? याच राजानें संस्कृतांत 'बुधभूषण' हा राजनीतीवरचा ग्रंथ रचला व ब्रजभाषेंत काव्य केलें, हें तर रंगभूमीवर कोठेंच आलें नाहीं. ग्रंथ लिहिणारा दारुडा प्रेक्षकांस पटावयाचा नाहीं. म्हणून ग्रंथ गेला, दारू राहिली.

चौकच्या मंडळींस याबाबत एक घरचा दाखला देतां येईल. प्रतिशिवाजी म्हणून गाजलेले नेताजी पालकर हे मूळचे चौकचे, असें येथें पिढीजात मानतात. १६६६ च्या आरंभीं पन्हाळ्याच्या स्वारींत वेळ चुकल्यामुळें शिवाजी महाराजांनीं त्यांस दूर केलें. ते प्रथम विजापूरकरांकडे व नंतर मिर्झा राजा जयसिंगाकडे गेले. महाराज आग्र्याहून निसटल्यावर औरंगजेबानें नेताजींना पकडविलें, मुसलमान करून महंमद कुलीखान हें नांव दिलें, आणि अफगाणिस्तानाकडे मोहिमेवर धाडलें. १६७६ सालीं ते परत आले, तेव्हां महाराजांनीं त्यांना शुद्ध करून घेतलें. दहा वर्षांचा हा वियोग, आणि त्याची सुरुवात नेताजींच्या स्वतःच्या पायांनीं झालेली. तरी त्यांच्या माथीं कोणी कलंक मारला नाहीं, आणि मारूंही नये. संभाजीराजे १६७८ च्या डिसेंबरांत दिलेरखानाकडे गेले, ते वर्षाच्या आंतबाहेर परत आले. या अवधींत भूपाळगड पडला व शेकडों मराठी लोकांचे हात तोडले गेले. तो डाग पुसतां येणार नाहीं व पुसण्याचा आमचा हेतूही नाहीं. परंतु दहा वर्षांची गोष्ट दैवाच्या खातीं आणि एका वर्षाची गोष्ट स्वभावाच्या खातीं, हा हिशेब कोणी मांडला? नेताजींनीं ज्याच्या घराण्याचा प्राण घेतला असा कोणी बखरकार झाला नाहीं, एवढाच कायतो फरक आम्हांस दिसतो.

चित्र बदललें तें कागदांमुळें. १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं जेधे शकावली प्रसिद्ध केली, आणि बखरींतल्या तारखा व घटना पडताळून पाहण्यास एक विश्वसनीय साधन हातीं आलें. वा. सी. बेंद्रे यांनीं सुमारें चार दशकें खपून १९६० सालीं संभाजी महाराजांचें साधार चरित्र प्रसिद्ध केलें, डॉ. कमल गोखले यांचा ग्रंथ १९७१ सालीं आला. महाराष्ट्रानें किती माणसांचें ऋण मानावयाचें राहून गेलें आहे याची यादी केल्यास बेंद्र्यांचें नांव तींत वरच्या जागीं यावें. रंगभूमीही हळूहळू वळली. वसंत कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हां जाग येते' (१९६२) मध्यें बापलेकांच्या दुराव्याची व्यथा आली. 'इथें ओशाळला मृत्यू' (१९६८) मध्यें औरंगजेबापुढें न वांकणारा राजा आला. काशिनाथ घाणेकरांनीं दोन्ही नाटकांत संभाजी उभा केला, आणि तो ज्यांनीं पाहिला त्यांच्या मनांतून प्याल्याचा संभाजी बराचसा उतरला. १९७९ सालीं शिवाजी सावंतांच्या 'छावा' कादंबरीनें उरलेलें काम केलें.

आतां आमच्या वाचकांच्या घरची गोष्ट. १९७२ सालीं पुण्यास विजय तेंडुलकरांचें 'घाशीराम कोतवाल' रंगभूमीवर आलें, तेव्हां नाना फडणिसांचें त्यांतील चित्र पाहून आपल्या घरांत केवढा क्षोभ झाला हें ज्येष्ठ वाचकांस आठवत असेल. राज्याचा डोलारा सांभाळणारा मुत्सद्दी कामुक म्हातारा म्हणून नाचविला, असें म्हणून आपण चिडलों. कांहीं प्रयोगांनंतर मूळ संस्थेनेंच नाटक थांबविलें. दुसऱ्या संस्थेनें तें पुढें उचललें व परदेशांत नेलें. नाटक नानांच्या चरित्राविषयीं नसून सत्ता माणसाला कशी वापरते याविषयीं आहे, हें तेंडुलकरांचें म्हणणें आपणांस पटलें नाहीं. ठीक आहे. पण त्याच घरांत 'राजसंन्यास'मधील भाषणें मुलांकडून पाठ करून घेतलीं जात होतीं, आणि तेथें मात्र आपण भाषेच्या सौंदर्यावर लुब्ध होऊन इतिहासाचा प्रश्न विचारला नाहीं. आनंदीबाईंचेंही तेंच. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ च्या वधांत त्यांनीं 'ध' चा 'मा' केला याला कागदाचा पुरावा नाहीं. रामशास्त्र्यांनीं मुख्य अपराधी धरला तो राघोबादादांस. पण खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'नें ती बाई अशी कांहीं रंगविली कीं, शब्दांची अदलाबदल करणाऱ्या कोणालाही आपण तिचेंच नांव घेऊन हिणवितों. आपल्या नानांसाठीं आपण कागद मागितला. परळीखालीं जें घडलें त्याच्या राजासाठीं आणि शनवारवाड्यांतल्या बाईसाठीं मागितला नाहीं.

२०१७ च्या जानेवारीच्या आरंभीं पुण्याच्या संभाजी उद्यानांतील गडकऱ्यांचा अर्धपुतळा रात्रीं उखडून नदींत टाकण्यांत आला. 'राजसंन्यास'चा राग हें कारण सांगितलें गेलें. शंभर वर्षांमागें मेलेल्या कवीच्या दगडी डोक्यावर हा राग काढणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. गडकऱ्यांनीं बखर वाचली होती. बेंद्रे वाचण्याची संधि त्यांना मिळाली नव्हती. नाटकाला उत्तर बेंद्र्यांनीं दिलें, कानेटकरांनीं दिलें. हातोड्यानें दिलेलें उत्तर कोणत्याही पेठेंतल्या मुलाला संभाजी महाराजांविषयीं एक अक्षरही शिकवीत नाहीं.

शिवाय रंगभूमीची खोड अशी कीं, एक खलपुरुष सुटला म्हणजे ती जागा रिकामी राहूं देत नाहीं. बखरींत संभाजी वाईट, तर त्याला बिघडविणारा कवि कलश अधिक वाईट. त्याचें 'कलुषा' हें नांवच शिवीसारखें झालें. वास्तविक हा कलश संगमेश्वरास धन्याबरोबर पकडला गेला, धन्याबरोबर विटंबना सोसून मेला. महाराज निर्दोष ठरले तसा कलशही मित्र ठरला. मग दोष अण्णाजी दत्तोंवर गेला. कोंकणांतल्या जमिनीची पाहणी व धारेबंदी ज्यांच्या नांवावर आहे, १६७३ सालीं पन्हाळा घेण्याच्या कामगिरींत जे अग्रेसर होते, ते अण्णाजी आतां कथांतून नुसते कपटी कारकून म्हणून वावरतात. २०२५ च्या फेब्रुवारींत 'छावा' हा हिंदी चित्रपट निघाला, तेव्हां महाराजांना पकडून देण्याचें पाप महाराणी येसूबाईंच्या माहेरच्या गणोजी व कान्होजी शिर्क्यांच्या पदरीं पडलेलें लोकांनीं पाहिलें. शिर्के घराण्याच्या वंशजांनीं हरकत घेतली आणि दिग्दर्शकास दिलगिरी व्यक्त करावी लागली. सवातीनशें वर्षांनंतर! चिटणिसांच्या घरानें जो राग जपला, तसाच आतां आणखी एका घरानें जपावयाचा काय?

आणि या फेरवाटपांत एका व्यक्तीच्या वांट्यास अद्याप कांहींच आलेलें नाहीं. सोयराबाई बखरींत वाईट, गडद रंगाच्या जुन्या नाटकांत वाईट, आणि महाराजांच्या गौरवार्थ काढलेल्या २०२५ च्या चित्रपटांतही वाईटच. शिवाजी महाराजांच्या मृत्यूनंतर लगोलग संभाजीराजांनीं त्यांना भिंतींत चिणून मारलें असें बखर सांगते. वास्तविक त्या १६८१ च्या अखेरीपर्यंत, म्हणजे त्यानंतर दीड वर्ष, हयात होत्या. पुत्रासाठीं गादी मिळावी ही त्यांची खटपट होती यांत शंका नाहीं. तशी खटपट दशरथाच्या घरापासून चालत आलेली आहे. पण संभाजी महाराजांचें १६८० सालचें एक संस्कृत दानपत्र उपलब्ध आहे, कुडाळच्या नामदेवशास्त्री बाकरे यांस दिलेलें. गादीचा तंटा नुकताच झाला होता, जखम ओली होती. त्यांत आपल्या सावत्र आईविषयीं लिहितांना राजानें तिचें मन स्फटिकासारखें निर्मळ असल्याचें म्हटलें आहे, आणि सारा दोष तिचे कान भरणाऱ्या कारभाऱ्यांवर ठेवला आहे. दानपत्रावर महाराजांचे स्वतःचे हस्ताक्षर आहे.